जड म्हणजे पाणी मारलेलं

आमच्या घरमालकांनी मला खोली देण्याआधी माझी उशी तपासली. ओळखपत्र, ऑफिसचं नेमणुकीचं पत्र, वडिलांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी, सगळं हातात घेऊन मी फाटकाशी उभी होते. त्यांनी त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. टेम्पोतून उतरवलेल्या वळकटीतून उशी ओढली, दोन्ही तळव्यांत दाबली, सोडली, पुन्हा फुगते का ते पाहिलं. मग कोपऱ्यातल्या उसवलेल्या टाक्यातून दोन बोटं आत घालून चिमूटभर कापूस काढला, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूच ओढला आणि उजेडाकडे धरला.

"कुठी घेतली हे?"

"नाशिकला."

"फसवलं तुमाले. गिरणीतला उडालेला चुरा भरला हाय हिच्यात." मग त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "तुमी बऱ्या दिसता. उशी खराब हाय. राहा."

अशी मला यवतमाळात, दारव्हा रोडच्या एका गल्लीत, वरच्या मजल्यावरची खोली मिळाली. पुढे साडेतीन वर्षं मी तिथे राहिले. उशी मात्र पहिल्याच आठवड्यात बदलावी लागली, कारण घरमालक, म्हणजे काका, रोज सकाळी तिची चौकशी करत.

मी माती तपासणीच्या प्रयोगशाळेत होते. शेतकरी पिशवीतून मातीचे नमुने आणायचे आणि आम्ही ते तपासायचो. हे कळल्यावर काकांचा माझ्याविषयीचा आदर एकदम वाढला. "म्हंजे तुमी बी नमुन्यावाल्या," ते म्हणाले, "मंग आपलं जमते." त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती, नमुना घेऊन बोलणारी आणि न घेता बोलणारी. दुसऱ्या प्रकारात त्यांचे व्याही, बहुतेक सगळे डॉक्टर आणि टीव्हीवर हवामान सांगणाऱ्या झाडून साऱ्या बायका येत.

काका कापूस खरेदी केंद्रांवर ग्रेडर होते. पांढरकवडा, वणी, उमरखेड, जिथे पाठवतील तिथे हंगामभर राहायचं आणि येईल त्या गाडीतल्या कापसाची प्रत ठरवून द्यायची, हे त्यांनी पस्तीसेक वर्षं केलं. गल्लीत सगळे त्यांना ग्रेडरसाहेब म्हणत. निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती, पण त्यांच्यातला साहेब काही उतरायला तयार नव्हता. गाडीच्या वरच्या थरातला कापूस आपण जन्मात कधी पाहिला नाही, असं ते अभिमानाने सांगत. बाही सरकवून हात कोपरापर्यंत आत घालायचा, तळातला मूठभर कापूस बाहेर काढायचा, धागा ओढून लांबी बघायची आणि शेवटी सरकी, म्हणजे कापसातलं बी, दाताखाली धरायची. कोरडी सरकी कट्‌कन फुटते, ओली नुसती दबते. वजन वाढावं म्हणून घरूनच कापसावर पाणी शिंपडून आणणारे काही महाभाग दर हंगामात निघायचेच. सरकी दाताखाली दबली, की काका गाडीवाल्याकडे बघून एकच वाक्य म्हणत, "जड म्हणजे पाणी मारलेलं."

नोकरी सुटली, पण वाक्य सुटलं नाही. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात ते तुरीच्या डाळीचा दाणा दाताने फोडल्याशिवाय पिशवी उघडत नसत. दुकानदाराने त्यासाठी एक स्टूलच ठेवलं होतं. समोरचे निवृत्त तलाठी बोलायला बसले की तासभर उठत नसत. ते गेले की काका काकूंना म्हणत, "लय पाणी मारते हा बोलण्यात." जाडजूड लग्नपत्रिका आली, की लग्नाला जायचं की नाही याचा पुन्हा विचार होई. एकदा उन्हाळ्यात त्यांनी टरबुजाच्या ढिगातून निवडून निवडून सगळ्यात हलकं टरबूज आणलं. कापलं तर आत नुसता पोकळ, सुकलेला गर.

"अवो, टरबुजात तरी पाणी राहू द्या!" काकू कपाळावर हात मारून म्हणाल्या.

काकांनी तो गर शेवटपर्यंत खाल्ला. वर मला म्हणाले, "धागा चांगला हाय याचा." या माणसाला चुकलं हे कबूल करायला लावणं कोणाच्याही बापाला जमणारं नव्हतं.

आता काकांच्या घरातल्या लॅपटॉपचं सांगते. तो त्यांच्या मुलीचा, तिच्या इंजिनीअरिंगच्या दिवसांतला. ती नोकरीसाठी पुण्याला गेली आणि तो कपाटात राहिला. जाड, काळा, कोपऱ्यात चिकटपट्टी लावलेला. बटण दाबून काकूंनी भाजी फोडणीला टाकली, की ती शिजत येईपर्यंत पडद्यावर नुसतं ते गोल गोल फिरत राहायचं. पण आता त्याची गरज पडली होती, आणि ती काकूंना होती.

काकूंचं बी.ए. अर्धवट राहिलं होतं. दुसऱ्या वर्षाला असताना लग्न झालं, लगेच काकांची उमरखेडला बदली झाली आणि पुस्तकं माहेरी राहिली. साठीच्या उंबरठ्यावर त्यांनी घरबसल्या शिकायच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं आणि एकेक करत सगळे पेपर काढले. एकच उरला होता, अर्थशास्त्राचा. तो आदल्या वर्षी मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये हुकला. यंदा नोंदणीचं शेवटचं वर्ष होतं. हा पेपर गेला असता तर मागचे सगळे पेपर वाया गेले असते. त्यातच साथीचे दिवस, त्यामुळे परीक्षा घरून, कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यासमोर बसून द्यायची होती. मोबाईलवरची बारीक अक्षरं काकूंना दिसत नव्हती. स्वयंपाकघरातल्या टाइल्सवर त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलेले कागद चिकटवले होते. गॅसच्या वर मागणीचा नियम होता, फ्रीजवर पैशाची कार्यं आणि पिण्याच्या पाण्याच्या माठामागे बेरोजगारीचे प्रकार.

काका तो लॅपटॉप पिशवीत घालून बसस्टँडजवळच्या एका दुकानात घेऊन गेले आणि पंधरा मिनिटांत परत आले. चेहरा लालबुंद.

"भंगारात द्या म्हणते थो! झाकण बी उघडून नाई पाह्यलं. वरून पाह्यलं अन् नापास!"

मुलीने फोनवर नवा लॅपटॉप पाठवते म्हणून सांगितलं. काकांनी साफ नाही म्हटलं. तपासल्याशिवाय माल नापास करणं हे त्यांच्या धंद्यातलं सगळ्यात मोठं पाप होतं आणि ते आपल्या घरात होऊ द्यायला ते तयार नव्हते. काकूंना काय वाटतं हे कोणी विचारलं नाही. त्या लसूण सोलत होत्या.

त्यात मी भर घातली. मी म्हटलं, "काका, लॅपटॉप ठीक आहे, त्यातली ऑपरेटिंग सिस्टिम त्याला झेपत नाही. जुन्या मशीनसाठी हलक्या सिस्टिम मिळतात. लिनक्सच्या. फुकट असतात."

"हलक्या?" काका खुर्चीत सरळ झाले.

मी हो म्हटलं आणि पुढचे दोन महिने त्याची फळं भोगली. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय, हे मी माझ्या परीने समजावलं होतं. त्यांनी मात्र एवढंच मनात धरलं की कंपनीवाल्यांनी सिस्टिमवर वर्षानुवर्षं पाणी मारून ती जड केली आहे आणि आपल्याला कोरडी शोधायची आहे.

कॉलेजात असताना मी एकदा असा खटाटोप केला होता. तेवढ्या भांडवलावर मी पेनड्राइव्हवर पहिली सिस्टिम उतरवली आणि लॅपटॉपमध्ये घातली. काकांनी तिची रीतसर तपासणी केली. मनगटावरचं घड्याळ काढून मांडीवर ठेवलं, बटण दाबलं आणि सुरू व्हायला किती सेकंद लागतात ते मोठ्याने मोजलं. बावन्न भरले. मग तळवा लॅपटॉपच्या पोटाखाली सरकवून ऊब पाहिली, कान लावून पंख्याचा आवाज ऐकला. फक्त चावायचं बाकी ठेवलं. सिस्टिमचं इंग्रजी नाव त्यांच्या तोंडात बसेना म्हणून त्यांनी तिला 'पहिला वेचा' म्हटलं. कापसाच्या पहिल्या वेचणीला म्हणतात तसं.

पहिला वेचा काकूंना फार आवडला. अक्षरं मोठी करता येत होती, मराठी नीट टाइप होत होतं, कॅमेरा चालत होता. परीक्षेवाल्यांनी सरावाचा पेपर दिला होता तो त्यांनी दोनदा सोडवला. आठ दिवस घरात आनंदीआनंद होता. नवव्या दिवशी मी ऑफिसातून आले तर काकू पाठ फिरवून ओट्याशी उभ्या होत्या आणि काका लॅपटॉपपुढे बसून मोजत होते.

"एकोणतीस, तीस... एकतीस! म्याडम, दुसरा वेचा. एकतीस सेकंद!"

पेनड्राइव्ह कसा करायचा हे ते मला बघून शिकले होते. "पहिली चांगली चालली होती ना, काका?" मी विचारलं.

"चांगली होती, पण जड होती."

दुसऱ्या वेच्यात जोडाक्षरं तुटत होती आणि चित्रं मुंगीएवढी होती. काकू चष्मा कपाळावर नेत, पुन्हा नाकावर आणत. त्यानंतर तिसरा वेचा आला. मग असा एक आला, ज्यात आवाजच नव्हता. काकांनी तोही आठ दिवस ठेवला, कारण आवाज नसला की वजन कमी. मला त्यांचा राग यायचा आणि हसूही यायचं. सकाळी आंघोळ करून, कपाळाला गंध लावून ते त्या लॅपटॉपसमोर बसले, की तीस वर्षांपूर्वी ते सरकी काढणाऱ्या एखाद्या जिनिंग गिरणीच्या आवारात कसे दिसत असतील ते मला समजायचं. गाड्यांची रांग लागली आहे, सगळे आपल्या तोंडाकडे बघताहेत आणि आपण कोणाचंही ऐकणार नाही, असं काहीतरी त्यांच्या पाठीत असायचं. आता रांगही नव्हती आणि गाड्याही नव्हत्या. एक लॅपटॉप होता, आणि तो ते सोडत नव्हते.

परीक्षेला आठ दिवस उरले असताना त्यांनी मला सकाळीच खालून हाक मारली. "म्याडम! या, लवकर या! अकरा सेकंद!"

मी दात घासताघासता खाली आले. पडदा पूर्ण काळा होता. वरच्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत होती.

"पाहा," काका म्हणाले. "थेंबभर पाणी नाई."

"काका, यात काहीच नाहीये."

"तेच तर सांगून राह्यलो ना मी!"

काकू ओले हात पदराला पुसत बाहेर आल्या. बराच वेळ त्या लुकलुकणाऱ्या रेघेकडे पाहत राहिल्या. "याच्यात माह्यं अर्थशास्त्र कुठी हाय?"

"ते टाकता येते मंग."

"अन् कॅमेरा?"

"कॅमेऱ्यानं जड होते वं ते."

काकूंचा आवाज मी साडेतीन वर्षांत कधी चढलेला ऐकला नव्हता. तेव्हाही चढला नाही. त्या खुर्ची ओढून काकांच्या समोर बसल्या आणि शाळेत धडा शिकवावा तशा बोलू लागल्या. "अवो, माह्या पुस्तकात एक नियम हाय. घटत्या सीमान्त उपयोगितेचा. भूक लागलेल्या माणसाले पयली पोळी गोड लागते, दुसरी त्याच्याऊन कमी, पाचवी तर नकोच वाटते. माह्यं काम पयल्या वेच्यानं झालं होतं. त्याच्या म्होरं तुमी जे जे करून राह्यले ना, ते माह्यासाठी नाई. ते तुमच्यासाठी हाय."

मी ब्रश तोंडात धरून तशीच उभी होते. काकू उठल्या आणि आत गेल्या. थोड्या वेळाने कुकरची शिट्टी झाली.

दिवसभर काका ओसरीवर बसून होते. तलाठी आले, बोलले, गेले. त्यांच्याविषयीही काका काही बोलले नाहीत. संध्याकाळी मी गाडी लावत होते तेव्हा त्यांनी मला थांबवलं.

"म्याडम, तो पयला वेचा लावून द्या."

"बावन्न सेकंदवाला?"

"हो." मग फाटकाच्या कडीशी चाळा करत म्हणाले, "इतके वर्षं कापूस पाह्यला म्या. चांगला, खराब, सगळा सांगितला. पण कपडा कोनाले पाह्यजे, कसा पाह्यजे, हे कधी इचारलंच नाई. ते माह्यं कामच नोतं. म्हून सवय नाई."

मी पहिला वेचा पुन्हा लावून दिला. काका समोर बसले होते, पण घड्याळ त्यांनी मनगटावरच ठेवलं. पंचविसाव्या सेकंदाला त्यांचे ओठ हलताना मी पाहिले. त्यांनी तेही दाबले. काकूंनी अक्षरं मोठी केली, सरावाचा पेपर उघडला आणि त्या कामाला लागल्या.

"पाणी हाय त्याच्यात," काका न राहवून पुटपुटले.

"असू द्या," काकू मान वर न करता म्हणाल्या. "मले दिसते."

परीक्षेच्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. बैठकीतल्या टेबलावर लॅपटॉप ठेवला होता. मागची भिंत मोकळी केली होती, कारण कॅमेऱ्यात दुसरं माणूस दिसलं किंवा दुसऱ्याचा आवाज आला तर पेपर बाद, असं सूचनांमध्ये लिहिलं होतं. काकू नवी नारिंगी साडी नेसून बसल्या होत्या. पेपर अकराला होता. अकराला बारा मिनिटं कमी असताना लॅपटॉप बंद पडला.

बॅटरी तर कधीचीच मेलेली होती, तो वायरवरच चालायचा. आता त्या वायरची पिन आपल्या भोकात सैल झाली होती. दाबून धरली की दिवा लागायचा, सोडली की विझायचा. मी कागदाची घडी घालून पाहिली, चिकटपट्टी लावून पाहिली, काही जमेना. माझा ऑफिसचा लॅपटॉप आणते म्हटलं तर काकू नको म्हणाल्या. "माह्या हाताले याचीच सवय झाली, बाई."

काका पुढे आले. टेबलाच्या बाजूला, कॅमेऱ्याला दिसणार नाही असं, जमिनीवर मांडी घालून बसले. कोपर स्टुलावर टेकवलं आणि ती पिन अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरली. जराशी वर, जराशी डावीकडे, थोडी आत. दिवा लागला. "चालू कर," ते म्हणाले. बावन्न सेकंद आम्ही तिघंही श्वास रोखून बसलो आणि ते मोठ्याने कोणीच मोजले नाहीत.

पेपर दीड तासाचा होता. मी दाराच्या बाहेर, पडद्याआड उभी होते आणि फटीतून मला फक्त काका दिसत होते. कापसाच्या धुळीत आयुष्य घातलेल्या माणसाला असतो तसा त्यांना कायमचा खोकला होता. दर दहा मिनिटांनी तो यायचाच. पाऊण तास त्यांनी तो कसाबसा दाबला, मग डाव्या हाताने खांद्यावरचा दुपट्टा तोंडात कोंबला. खांदे हलले, डोळ्यांतून पाणी आलं, चेहरा जांभळा पडला. उजवा हात मात्र जागचा हलला नाही. त्यांच्या मनगटावरची शीर टरारून फुगली होती. मला वाटलं, आत जावं आणि ती पिन आपण धरावी. पण मधल्या त्या क्षणात दिवा विझला असता तर? मी जागीच उभी राहिले. त्या माणसाला मी दोन महिने हसले होते. त्याची मला तेव्हा फार लाज वाटली.

पुढे निकाल लागला. काकू दुसऱ्या वर्गात पास झाल्या, गल्लीत पेढे वाटले, तलाठ्यांनी अर्धा तास भाषण केलं. ते सगळं मला धूसर आठवतं. स्पष्ट आठवते ती साडेबाराची वेळ. काकूंनी शेवटचं बटण दाबलं, पेपर जमा झाल्याची हिरवी खूण आली आणि त्या म्हणाल्या, "झालं."

काकांनी पिन सोडली. पडदा लगेच काळा झाला. मग ते खोकले, इतके खोकले की मी पाणी घेऊन धावले. काकू खुर्चीवरून उतरून त्यांच्याजवळ जमिनीवर बसल्या होत्या, नव्या साडीची पर्वा न करता. काकांची चिमटी आखडून गेली होती, उघडतच नव्हती. काकूंनी त्यांचा हात मांडीवर घेतला आणि एकेक बोट हळूहळू सरळ करायला लागल्या.

"कसा गेला?" काकांनी विचारलं.

"बरा गेला."

काका त्या उघडणाऱ्या बोटांकडे पाहत होते. "उमरखेडले जाताना म्हटलं होतं म्या तुले," ते म्हणाले. "एक वर्ष थांब, मंग कर, असं. चाळीस वर्षं झाले."

"एकेचाळीस," काकू म्हणाल्या आणि अंगठा चोळत राहिल्या.